दोन आणि दोन सव्वातीन

मी मेमरीची पट्टी बोलतेय. कॉम्प्युटरच्या पोटात, पंख्याच्या शेजारी असलेल्या दोन खाचांपैकी दुसऱ्या खाचेत बसणारी. रंगानं हिरवी, लांबीला तुमच्या पंजाहून थोडी कमी, अंगावर आठ काळे चौकोन आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. दोन जीबीची. हे 'दोन' मी मुद्दाम ठासून सांगतेय. कारण याच आकड्यावरून एकदा दिग्रसमध्ये माझी अब्रू गेली होती, आणि माझ्याबरोबर एका भल्या मुलीचीही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली. धुळीचा एक कण आत आला तर घंटा वाजायची. पुढचं सगळं आयुष्य मी दिग्रसमध्ये काढलं, जिथे जिनिंग सुरू झालं की कापसाचं तूस चहाच्या कपातसुद्धा उतरतं. कारखान्यातल्या त्या माणसांनी हे पाहिलं असतं तर त्यांना घेरीच आली असती.

नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून एसटीच्या पार्सलातून मी दिग्रसला आले ती राखीच्या हातात. राखी बंजारा तांड्यावरची. तिचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, चार माणसं उभी राहिली की भरून जाईल एवढं. ती रोज स्कूटीनं यायची आणि शटर वर करता करता शेजारच्या पानवाल्याशी दोन शब्द बोलायची. नवखं गिऱ्हाईक आत डोकावलं की हमखास विचारायचं, "दुरुस्तीवाला कुठी गेला?" राखी स्क्रूड्रायव्हर दातात धरून म्हणायची, "इथंच हाय. बोला." मग ते गिऱ्हाईक उगाच मागं वळून बघायचं.

माझ्यासाठी पहिलं गिऱ्हाईक आलं ते सदाशिवराव. दिग्रस आणि आसपासच्या गावांत गेल्या कित्येक वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या सीडी यांनीच बनवलेल्या. घरातल्याच पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. तिथे ते लग्नाच्या शूटिंगवर गाणी चढवत, नवरा-नवरीची नावं कमळातून बाहेर काढत आणि विहिणींच्या अंगावर गुलाबाच्या पाकळ्या उडवत. या कामाला ते 'मिक्सिंग' म्हणत. त्यांचं मशीन मात्र अधूनमधून बसकण मारायचं. पाकळ्या हवेतच थांबायच्या आणि नवरीचं तोंड अर्धं उघडं राहायचं.

"राखी, मशीन लय अटकून राह्यलं वं," ते म्हणाले.

"काका, तुमच्याकडं दोन जीबीच हाय. अजून दोन टाकू. चार झाले की पळन."

राखी त्यांना काका म्हणायची ते नुसतं तोंडदेखलं नाही. तिचे वडील पूनमसिंग आणि सदाशिवराव जुने दोस्त. सदाशिवरावांनी पहिल्यांदा व्हिडिओ कॅमेरा घेतला तेव्हा लाइट धरायला माणूस नव्हता. पूनमसिंगनं तो मोठा हॅलोजन खांद्यावर घेतला आणि पुढं कैक लग्नांत तोच धरला. लाइटच्या उजेडानं नवरदेव डोळे बारीक करायचे आणि पूनमसिंग त्यांना दरडावायचा, "डोये उघड ना बे, तुहंच लगन हाय!" पुढं बॅटरीवरचे छोटे लाइट आले, पूनमसिंग शेतीत रमला, पण जाणं-येणं तसंच राहिलं. आता पूनमसिंगच्या मुलाचं, बबलूचं लग्न ठरलं होतं, आणि कॅमेरा कोण धरणार हे कुणी विचारलंच नव्हतं. ते काय विचारायचं?

राखीनं मला त्या मशीनमध्ये बसवलं. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खटकन लागल्या. माझ्या शेजारच्या खाचेत सदाशिवरावांची जुनी पट्टी होती. तिच्या अंगावर बोटभर धूळ बसलेली. मशीन सुरू झालं, मिक्सिंग सुरू झालं आणि पाकळ्या न थांबता भुरुभुरु खाली आल्या. सदाशिवराव खूश, राखी खूश, मी तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी घोळ झाला. सदाशिवरावांच्या कुणा पाहुण्यानं बसल्या बसल्या पडद्यावर मशीनची माहिती उघडली. तिथे लिहिलेलं होतं की मेमरी चार जीबी, पैकी वापरता येण्याजोगी सव्वातीन.

"भाऊजी, तुमाले चुना लागला," पाहुणा म्हणाला. "दोनची म्हनून सव्वाची पट्टी टेकवली."

सदाशिवराव मनानं वाईट नव्हते. पण आपल्याला कुणी फसवलं हे पाहुण्यासमोर कळणं त्यांना फार लागलं. संध्याकाळी ते बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा प्यायला गेले आणि तिथे बोलून आले. दिग्रसच्या त्या हॉटेलात बोललेलं म्हणजे दवंडीच. दोन दिवसांत राखीच्या दुकानात येणारी माणसं बदलली. एकजण म्हणाला, माझं मशीन तसंच द्या, मी पुसदला दाखवतो. दुसऱ्यानं दुरुस्त झालेल्या मशीनचे सगळे स्क्रू पुन्हा उघडून बघितले. एक तर समोरच म्हणाला, "पोरीच्या हातचं काम असंच रायते."

मला हे सगळं कसं कळलं? स्टुडिओत येणारा प्रत्येकजण सदाशिवरावांना ते येऊन सांगत होता. सुरुवातीला त्यांना बरं वाटायचं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरू लागला. पण बोललेलं परत कसं घ्यायचं, हे त्यांना उमजेना.

मग एका दुपारी पूनमसिंग आला. चपला बाहेर न काढताच आत आला, यावरूनच तो रागात आहे हे मी ओळखलं.

"तू माह्या पोरीले चोर म्हटलं?"

"म्या चोर नाई म्हटलं. पट्टी खोटी हाय म्हटलं."

"पट्टी कोनं देल्ली?"

सदाशिवरावांनी मान पडद्याकडे वळवली.

"राखीनं देल्ली ना? मंग पट्टी खोटी म्हनजे कोन खोटं?" पूनमसिंगचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बबलूच्या लग्नाले तू नको येऊ. म्या पुसदचा कॅमेरा सांगतो."

तो गेला. पडद्यावर कुणाचीतरी वरात एकाच जागी नाचत होती. आतून हंसाबाई आल्या. हंसाबाई म्हणजे त्यांची बायको. कमी बोलणारी, पण बोलली की मोजून.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या, आणि चहाचा कप तिथेच ठेवून आत निघून गेल्या.

तिकडे राखीची झोप उडाली होती. तिला स्वतःलाच कळत नव्हतं की पाऊण जीबी गेलं कुठं. तिनं व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला माल अस्सल आहे. अस्सल असेल तर दिसत का नाही, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. शेवटी ती सरळ सदाशिवरावांच्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, मशीन मले उघडू द्या. पट्टी खोटी निघाली तर मीच हॉटेलात जाऊन सांगन."

सदाशिवराव दारातून हलेनात. मागून हंसाबाईंचा आवाज आला, "बाजूले व्हा. पोरगी उन्हाची आली हाय. ये वं राखी, पानी पी आन् खोल ते डबडं."

मग सुरू झाली आमची परीक्षा. राखीनं मला बाहेर काढलं, माझे सोनेरी दात खोडरबरनं घासले आणि जुनीला बाजूला ठेवून मला एकटीलाच आत बसवलं. सदाशिवराव हाताची घडी घालून खुर्चीत बसले होते, परीक्षेतल्या सुपरवायझरसारखे. पडद्यावर आकडा आला: दोन.

"पाहा काका. पुरे दोन."

सदाशिवरावांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. दोनच.

मग माझ्या जागी जुनीला एकटीला बसवलं. तिचेही दोन. मग दोघींना एकत्र बसवलं. सव्वातीन.

"दोन आन् दोन सव्वातीन?" सदाशिवराव खुर्चीतून उठले. "हे मशीन शायेत गेलतं का नाई?"

राखीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. आता ते दोघंही एकाच बाजूला होते, हे मला खाचेत बसून स्पष्ट दिसत होतं. समोरासमोर भांडायला आलेली माणसं आता मशीनच्या उघड्या पोटात डोकं घालून शेजारी उभी होती. तिनं आमच्या जागांची अदलाबदल केली, तरी सव्वातीन. वायरी काढून लावल्या, तरी सव्वातीन. हंसाबाईंनी दोनदा चहा केला.

"ते काय हाय मोठं?" सदाशिवरावांनी विचारलं.

"तुमचं पडद्याचं कार्ड. तुमीच घेतलतं ना मिक्सिंगसाठी. धूळ पाहा किती बसली. काढून साफ करते."

तिनं ते जाडजूड कार्ड काढलं, आणि तोवर मशीन बंद कशाला ठेवायचं म्हणून पडद्याची वायर बोर्डाच्या स्वतःच्या जागेत खुपसली. मशीन सुरू झालं. ती ब्रशनं कार्ड झाडत होती आणि सदाशिवराव सवयीनं तो आकडा बघत होते.

"राखी," ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "वाढले."

"काय?"

"साडेतीनच्या वर गेले."

तिच्या हातातला ब्रश थांबला. तिनं मशीन बंद केलं, कार्ड पुन्हा लावलं, सुरू केलं. सव्वातीन. कार्ड काढलं. साडेतीनच्या वर. पुन्हा लावलं. सव्वातीन. दोघंही लहान मुलांसारखे हरखून गेले. हंसाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हनजे हे कार्डच खाते मेमरी."

"पन कार्डाची मेमरी त्याची त्याले असते, काकू. पट्टीची ते कायले खाईन?" राखी म्हणाली आणि तिनं यवतमाळला फोन लावला, जिथे ती शिकली होती तिथल्या सरांना.

सरांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "सिस्टिम किती बिटची आहे गं?"

"बत्तीस, सर."

पलीकडून सर मोठ्यानं हसले. "अगं, मग पट्टीला कशाला धरता? पट्टी पूर्ण आहे. नंबर संपले!"

त्यांनी जे सांगितलं ते मला आतून आधीच ठाऊक होतं, पण मला विचारतं कोण? ऐका. माझ्या अंगात अगणित बारीक खण आहेत. मशीनला एखाद्या खणात काही ठेवायचं किंवा काढायचं असेल, तर त्या खणाला नंबर लागतो. मशीन त्या नंबरानंच हाक मारतं. जुन्या सिस्टिमचा नंबर बत्तीस घरांचा, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक, एवढंच लिहिता येतं. एवढ्या घरांत जितके नंबर तयार होतात, ते बरोबर चार जीबीला पुरतात. एकही वर उरत नाही. पण नंबर काही फक्त आम्हालाच लागत नाहीत. पडद्याचं कार्ड, आवाज, इंटरनेट, या सगळ्यांना हाक मारायची तर त्यांनाही त्याच नंबरांतले नंबर द्यावे लागतात, आणि त्यांना ते आधी मिळतात. कार्ड जेवढं मोठं, तेवढे नंबर जास्त. मग आमच्यातल्या शेवटच्या खणांना नंबरच उरत नाही. त्यांच्यात बिघाड काहीच नसतो. त्यांना हाक मारायला नाव नसतं, इतकंच.

सर म्हणाले, नवी सिस्टिम चौसष्ट घरांचे नंबर लिहिते, तिथे नंबर कधी संपत नाहीत. पण त्यासाठी मशीनचा बोर्डही तसा लागतो, आणि सदाशिवरावांचा बोर्ड त्यातला नव्हता. फोन बंद झाला. सदाशिवराव विचार करत बसले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, लाइट आले.

"समजलं! हॉलमध्ये खुर्च्या चारशे. आपले पावने बी चारशे. बराबर? पन बँडवाले येते, आचारी येते, माह्यासारखे कॅमेरावाले येते. त्याइले बी खुर्च्या द्या लागते. मंग आपले काही पावने उभे रायते."

"हो काका."

"आता उभे रायले म्हनून ते..." सदाशिवराव बोलता बोलता थांबले. "ते काही खोटे पावने नसते."

दारातून हंसाबाई म्हणाल्या, "आन् एक सांगू? हे पट्टी टाकल्यापासून तुमचं मशीन एकदा तरी अटकलं का? अटकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं तुमी."

सदाशिवरावांनी मान हलवली. मग ते राखीला म्हणाले, "काढून दे मले ते पट्टी. थोड्या वेळासाठी पायजे."

राखीनं मशीन नीट बंद करून मला काढलं, चंदेरी पिशवीत घातलं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाव पाहायला निघाले.

आधी आम्ही हॉटेलात गेलो. सदाशिवरावांनी मला टेबलावर ठेवलं आणि चारशे खुर्च्यांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. कुणाला किती कळलं देव जाणे, पण "राखीची पट्टी पुरी हाय, चूक माही होती" हे वाक्य ते तीनदा मोठ्यानं बोलले, आणि ते सगळ्यांना कळलं. एका म्हाताऱ्यानं मला उचलून, उलटीपालटी करून बघितलं आणि चहाच्या ओल्या डागावर परत ठेवलं. मी पिशवीत होते म्हणून वाचले.

तिथून आम्ही तांड्यावर गेलो. पूनमसिंग अंगणात फवारणीचा पंप दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. त्याची बायको रामीबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती, तिनं बघितलं आणि ती पुन्हा निवडू लागली. सदाशिवराव उभेच राहिले. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, कार्ड, नंबर, चारशे खुर्च्या, बँडवाले.

"म्या आकडा पाह्यला आन् बोलून बसलो. आधी राखीले इचारा लागत होतं. चुकलो बाप्पा."

पूनमसिंग पंपाची नळी फुंकत राहिला. मग म्हणाला, "बँडवाल्याइले खुर्च्या कोन देते बे?"

"आं?"

"कैक लग्नं लाइट धरला म्या. एकाबी लग्नात मले कोनं खुर्ची देल्ली सांग. सगयाइचं जेवन झाल्यावर आपन दोघं उभ्यानं जेवलो. आन् तू म्हनतं खुर्च्या बँडवाल्याइले देल्ल्या."

सदाशिवरावांचा हात खिशावर गेला, तिथे मी होते. तेवढ्यात पूनमसिंगच्या मिशीत काहीतरी हललं आणि तो फिस्सकन हसला. मग सदाशिवरावही हसले, इतके की डोळे पुसावे लागले. रामीबाई उठली, घरातून लाल प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि सदाशिवरावांच्या मागे टेकवली.

"बसा आता," ती म्हणाली. "पट्टी-पट्टी मंग करा."

बबलूचं लग्न थाटात झालं. मी परत माझ्या खाचेत होते, त्यामुळे लग्नाचा क्षण न् क्षण माझ्यातून गेला. पूनमसिंगला पहिल्या रांगेत बसवलेलं, डोक्याला फेटा. पण त्याचं चित्त खुर्चीत नव्हतं. कॅमेरा फिरला की प्रत्येक वेळी तो अर्धा उठून कुणाला तरी हातानं खुणावत होता, लाइट जरा वर घे, वर! राखी हसून हसून लोटपोट. त्या सगळ्यावर सदाशिवरावांनी इतक्या पाकळ्या उडवल्या की मलाच मोजता येईनात, आणि मशीन एकदाही थांबलं नाही. माझा नंबर नसलेला कोपरा तेवढा रिकामा बसून होता. खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही. आत काम करायला बाकीची मी होतेच.

पुढं काही वर्षांनी सदाशिवरावांनी नवं मशीन घेतलं. त्यांच्या जुन्या मशीनमधून राखीनं आम्हा दोघींना काढलं आणि आपल्या दुकानातल्या मशीनमध्ये बसवलं. त्याचा बोर्ड जरा पुढचा, सिस्टिम चौसष्टची. मशीन सुरू झालं आणि माझ्या त्या शेवटच्या कोपऱ्याला पहिल्यांदा कुणीतरी हाक मारली. काय वाटलं ते सांगता येणार नाही. समजा, वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या खोलीत कुणी येऊन खिडकी उघडली.

आता आम्ही इथेच आहोत. राखीच्या दुकानाची जागा वाढलीय, आता आठ माणसं मावतात. दुरुस्तीबरोबर ती फोटोही काढून देते. आज सकाळी निकिता नावाची एक मुलगी आली होती. तिला एसटीत कंडक्टरची नोकरी लागलीय, ओळखपत्राला फोटो हवा होता. तिनं तीनदा डोळे मिटले, राखी तीनदा हसली आणि चौथ्यांदा फोटो चांगला आला. तो माझ्यातूनच गेला. फोटो पर्समध्ये टाकून ती यवतमाळची गाडी पकडायला पळाली.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याकडे एखादं जुनं मशीन पडलं असेल, तर ते भंगारात देण्याआधी आमच्यापैकी कुणी आत आहे का बघा. एखाद्या जाणत्याला विचारा. आम्ही कुठे ना कुठे बसतो, आणि बसलो की काम करतो.

अरे, राखीनं पंखा बंद केला. दुकान वाढवायची वेळ झाली म्हणायची. एक गोष्ट सांगायची राहिली. माझं नाव मेमरी, पण वीज गेली की माझ्यातलं सगळं पुसलं जातं. निकिताचा चेहरा, तुमच्याशी मारलेल्या या गप्पा, सगळं. मग इतक्या वर्षांचं तुला कसं सांगता आलं, असं कृपा करून विचारू नका. आत्मवृत्त सांगणारीला तेवढी सूट असावी. राखीचा हात बटणाकडे चाललाय. येते मी. उद्या सकाळी भेटलात, तर तेवढं तुमचं नाव मला पुन्हा सांगा.